बाई राहते ते घर

१९६४ साली कुवेतमधल्या फहाहीलमध्ये आमच्या खोलीसमोर, रस्त्यापलीकडे, एका रेडिओवाल्याने निऑनची पाटी लावली. लाल, मग हिरवी, मग अंधार, परत लाल. रात्रभर. आम्ही सहाजण त्या खोलीत झोपायचो, सगळे कोकणातले. खिडकीला पोतं बांधलं तर जीव गुदमरायचा, काढलं तर उजेड डोळ्यांत.

बाकीचे कसेबसे झोपत. उस्मानला जमेना. तो अहमदीला पाइपांचा ट्रक चालवायचा, पहाटे निघायचा. एकदा डुलकी लागली आणि ट्रक वाळूत घुसला. साहेबाने सांगितलं, पुन्हा झालं तर मुंबईची बोट धर.

नगरपालिकेचा नियम होता म्हणे, घरांच्या तोंडावर लुकलुकणारी पाटी लावायची नाही. उस्मानने तक्रार केली. पाहणीला एक म्हातारा आला. तरुणपणी मुंबईत खजूर विकलेला, हिंदी बोलणारा. त्याने दारातूनच आत बघितलं.

"हे घर नाही."

"मग काय हाय? गोठा?"

"मजुरांची खोली. घर म्हणजे बायको, मुलं. नियम घरासाठी आहे."

"आणि आमचे डोळे?"

म्हातारा वाईट नव्हता. खांदे उडवून निघून गेला.

मागच्या अंधाऱ्या खोलीत आमचा कासम राहायचा, कापडदुकानातला. नुकतीच बायको आणली होती, बिल्कीस. उस्मान दाराबाहेर उभा राहून म्हणाला, "भाबी, म्हाताऱ्याला परत बोलावतो. तेवढा वेळ पुढच्या खोलीत बसा."

आतून आवाज आला, "सहा दाढीवाल्यांना झोपवायला मना बसवताव?"

कासमसकट सगळे हसले.

"बसेन. पण आधी झाडू मारा. त्या खोलीत विड्यांचा वास मरणाचा."

म्हातारा आला तेव्हा बिल्कीस स्टोव्हपुढे भाकऱ्या थापत होती. त्याने नजर खाली केली, दारातूनच मागे फिरला. दोन-तीन दिवसांत पाटी विझली. उस्मान असा घोरायला लागला की आम्हीच जागे राहिलो.

पुढच्या आठवड्यात इमारतमालकाचा मुकादम आला. पुढच्या बाजूला कुटुंब राहतं हे त्याच्या कानावर गेलं होतं.

"कुटुंबाच्या मजल्यावर सडे पुरुष चालत नाहीत. शुक्रवारपर्यंत खोली खाली करा."

सडे! आम्हा सहाजणांच्या सहा बायका कोकणात होत्या, पोरं होती, चुली होत्या. बायको आणता येईल एवढा पगार द्यायचा नाही आणि वर तोंड करून म्हणायचं, तुम्हाला घर नाही. ही हरामखोरी आहे. तिला दुसरा शब्द मला ठाऊक नाही, शोधायचाही नाही.

कासम अडवत होता तरी बिल्कीस पदर सावरत बाहेर आली. "मी मागे राहते. पुढे हीच माणसं राहतात. पाहणीपुरती मी तिथे बसले होते. पाटी लावायची तर लावा, पण यांना काढू नका."

मुकादम हसला. "म्हणजे नगरपालिकेला फसवलंत? सांगू का तसं? तुझ्या नवऱ्यालाच आधी बोलावतील."

कासमचं तोंड उतरलं.  

"भाबी, आत जा," उस्मान म्हणाला. "झाली एवढी शोभा बस झाली." आणि मुकादमाकडे वळून, "जातो आम्ही. पण सडा म्हणू नको. माझी धाकटी आता चालायला लागली असेल."

मुकादमाने ऐकलं की नाही, देव जाणे. तो खोलीची लांबी-रुंदी पावलांनी मोजत होता.

शुक्रवारी आम्ही पांगलो. कुणी ओळखीच्याकडे, कुणी दुकानाच्या माळ्यावर. उस्मानला कुठेच जागा मिळेना, म्हणून तो ट्रकच्या केबिनमध्ये झोपायला लागला. एका सकाळी साहेबाने त्याला तिथे पाहिलं.

"तुला घर नाही काय रे?"

"हाय साहेब. बाणकोटला."

त्या दिवसापासून ट्रकची किल्ली संध्याकाळी कचेरीत जमा करायचा हुकूम निघाला.