मोहाच्या दिवसांतली सातवी

आमच्या गावात मिडल स्कूल आलं ते माझ्या जिभेमुळे, असं लोक म्हणतात. मी नाही म्हणत नाही. पण शाळा येऊन काय, चैत्र लागला की पोरं मोहाखाली. फूल पहाटे गळतं, ऊन चढायच्या आत वेचलं नाही तर गुरं खातात. आणि झाड ज्याचं त्याचं. दुसऱ्याच्या झाडाखाली वाकलं की भांडण.

त्या वर्षी माझी नात मंगली सातवीत होती. आमच्या घराण्यातली पहिलीच. सिंदेवाहीला परीक्षा द्यायची होती, तिला आणि गावातल्या आणखी चार पोरांना. इब्राहीम मास्तरांनी घरच्यांची सभा बोलावली. कोणी गेलं नाही. मग दुसऱ्या दिवशी पहाटे मास्तरच आमच्या झाडाखाली येऊन उभे राहिले.

"मास्तर, टोपली आणली का?" मी विचारलं.

"नाई गुणाबाई, पोरगी न्यायले आलो. आता शाळा बुडली तं परीक्षा गेली. मग मंगली घरीच बसन."

"आन् मोहा काय तुमच्या खडूनं वेचू?"

मास्तर रागावले नाहीत. "तुम्हीच सांगा. गाव तुमचं हाये."

असं विचारणारा माणूस मला आवडतो. आमच्याकडे रिवाज आहे, ज्या घरी बाळंतीण असते त्या घरचा मोहा शेजारणी वेचतात आणि तिच्या अंगणात ओततात. मी तिथूनच हाका मारून बायका जमवल्या. म्हटलं, परीक्षा होईतो या पाच घरचा मोहा आपण सगळ्यांनी वेचायचा.

शेजारची शकुबाई फणकारली. तिच्या घरचं कोणी शाळेत नव्हतं. "शाळा म्हंजे काय बाळंतपण हाये का वो?"

"त्याच्याहून अवघड. बाळंतपण एका रातीत उरकते, हे सात वर्सं चालू हाये."

बायका हसल्या. शकुबाई नाही. "वेचीन मी. पण मले काय भेटन?"

मास्तर म्हणाले, "शाळेत शिकवलेलं पोरं संध्याकाळी तुमच्या ओसरीवर येऊन सांगतीन. नाई सांगता आलं तं वेचू नका."

झालं. शकुबाई इन्स्पेक्टरच झाली. सुपात मोहा पाखडता पाखडता विचारायची, "वैनगंगा कुठून निघते? काल तं झटकन सांगतलं, आज काऊन अडली?" अक्षर येत नव्हतं तिला, पण पोर कुठे चाचरतं ते बरोबर पकडायची. एका संध्याकाळी मंगली व्याजाच्या गणितात अडकली.

"येत नाई तुले," शकुबाई म्हणाली. आमचं झाड तिच्या वाट्याला होतं, दुसऱ्या दिवशी ती खरंच वेचायला आली नाही.

सून म्हणाली, "आत्याबाई, आज पोरीले झाडाखालीच ठेवू."

"तू टोपली धर," मी म्हटलं. मंगलीला शाळेत पिटाळलं आणि म्हातारपणी स्वतः वाकले. त्या संध्याकाळी मंगलीने तेच गणित शकुबाईला दोनदा सोडवून सांगितलं. पहाटे आम्ही पोचायच्या आधी शकुबाई आमच्या झाडाखाली हजर.

निकाल मास्तरांनी शाळेच्या पटांगणात वाचला. सभेला न येणारं गाव तिथे मावत नव्हतं. मंगलीचं नाव आलं. मी पदर सावरून उठते तोवर शकुबाईच उभी. "आमची पोरगी हाये ते."

मास्तर माझ्याकडे बघायला लागले. माझ्या नातीवर माझ्यासमोर हक्क सांगायची या गावात कोणाची छाती नव्हती.

"हो मास्तर, तिचीबी हाये," मी म्हटलं. "पण आजी मीच."