कप्तानचा मिटलेला डोळा

सकाळी पिंजऱ्यावरचं कापड काढलं तेव्हा कप्तानने मान वर केली, पण त्याचा एकच डोळा उघडला. उजवा मिटलेलाच राहिला. पापणीच्या कडेला पिवळट चिकट काहीतरी साचलं होतं आणि गालावरच्या नारिंगी ठिपक्याची पिसं भिजून एकमेकांना चिकटली होती.

"आई, कॉफी ठेवू का तुमची?" स्वयंपाकघरातून सुनेने विचारलं.

"ठेव, पोरी," म्हणत दोन्काने पिंजरा हलकेच वळवला. मिटलेला डोळा भिंतीकडे गेला, चांगला खोलीकडे आला. तिने हे ठरवून केलं नव्हतं, हातांनी आपोआप केलं. पण कॉफी गार झाली तरी कप हातात भरलेलाच होता, तेव्हा तिला कळलं की आपण घाबरलो आहोत.

कप्तान म्हणजे करडा, पिवळ्या तुऱ्याचा कोकाटील, पोपटांतलीच एक लहान जात. दोन्काच्या नवऱ्याने, इलियाने आणलेला. इलिया डॅन्यूब नदीवरच्या मालवाहू बोटींवर होता. घरी यायचा तेव्हा जिन्यातूनच शीळ घालायचा, आणि कप्तान ती उचलून परत घालायचा. इलियाला जाऊन बरेच हिवाळे झाले होते. नदीकाठच्या रुसे शहरातल्या त्या पाचव्या मजल्यावरच्या घरात ती शीळ अजून ऐकू यायची ती फक्त या पाखरामुळे.

सून रालित्सा वाईट नव्हती. पण दिवस गेल्यावर तिने एकदा स्पष्ट सांगितलं होतं, "त्याच्या पिसांचा भुगा सगळ्या घरात उडतो. बाळ आलं की काय करायचं?" दोन्काचा मुलगा कामेन ट्रक चालवायचा, महिन्यातला बराच काळ जर्मनीच्या वाटेवर असायचा. त्याने मधला मार्ग काढला. "आई, राहू दे त्याला. पण जरा जरी काही झालं ना, तर मग मी तुझं ऐकणार नाही."

आणि आता झालं होतं.

रालित्सा कामावर गेल्यावर दोन्काने कॅमोमाइलची औषधी फुलं उकळली, पाणी गार केलं, कापसाचा बोळा भिजवून कप्तानचा डोळा पुसला. तो तिच्या मुठीत धडपडला, बोटाला चावला. पापणी उघडली तेव्हा आतलं मांस लालभडक दिसलं. दोन दिवस तिने हेच केलं. सूज उतरली नाही. मग तिला फ्रिजमधले थेंब आठवले. उन्हाळ्यात तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, त्यातली अर्धी बाटली उरली होती. माणसाच्या डोळ्याला चालतं ते एवढ्याशा डोळ्याला का नाही चालणार? तिने सकाळ-संध्याकाळ एकेक थेंब घातला.

पहिल्या दिवशी लाली कमी झाली. दोन्काने सुटकेचा श्वास टाकला. मग मात्र डोळ्याखालचा भाग हरभऱ्याएवढा फुगला. कप्तान शिंकू लागला. काठीला गाल घासायचा, अंगाची पिसं फुगवून गप्प बसायचा, सूर्यफुलाच्या बियांना तोंड लावेना. त्याची शी हिरवीगार पातळ झाली. दोन्का दर सकाळी पिंजऱ्याखालचा कागद बदलायची आणि तो चुरगळून कचऱ्याच्या तळाशी घालायची, रालित्साला दिसू नये म्हणून.

"हल्ली कप्तान शीळ घालत नाही," एका संध्याकाळी रालित्सा म्हणाली. ती सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती, पोटावर हात ठेवून. सातवा महिना होता.

"पिसं झडायचे दिवस आहेत," दोन्का म्हणाली. "या दिवसांत गातच नाहीत."

"सारखा भिंतीकडेच बघत असतो."

"तू नको लक्ष देऊ त्याच्याकडे. तू सूप पी."

दुसऱ्या दिवशी ती खाली उतरली. शेजारचा गेंचो गॅरेजसमोर बसून मिरच्या भाजत होता. सगळ्या अंगणात तो खमंग धूर भरला होता. गेंचोची गॅरेजच्या छपरावर कबुतरं होती आणि पाखरांबद्दल काही विचारायचं तर दोन्काला दुसरं कोणी माहीत नव्हतं.

"या, या, शेजारीणबाई!" गेंचो ओरडला. "मिरच्या सोलायला माणूस हवाच होता मला."

"तुझ्या मिरच्या तूच सोल. एक विचारायचंय. पाखराचे डोळे येतात का रे, माणसासारखे?"

"येतात की. माझ्या बायकोचे मला बघून येतात, तर पाखरांचे का नाही येणार?" तो स्वतःच हसला. "एक डोळा की दोन्ही?"

"एकच. सुजलाय."

"शिंकतो?"

"हो."

"शी कशी आहे?"

"हिरवी."

गेंचोच्या हातातला चिमटा थांबला. त्याने तो विटेवर ठेवला. "दोन्का, हा कुठे बाहेर होता का? दुसऱ्या पाखरांबरोबर?"

"माझ्या ऑपरेशनच्या वेळी बाजारातल्या एका पक्षीवाल्याकडे ठेवला होता. थोडेच दिवस."

"आणि वर तुझी सून पोटुशी आहे." त्याचा आवाज एकदम खाली आला. "हे बघ, मी काही डॉक्टर नाही. नुसती सर्दीही असेल. पण पोपटांचा एक रोग असतो, डोळ्यापासून सुरू होतो, आणि तो माणसाला लागतो. वाळलेल्या शीची धूळ नाकात गेली तरी पुरे. आमच्यातला एक कबुतरवाला त्यात मरता मरता वाचला. डॉक्टरांना काही उमजेना, कारण घरात पाखरं आहेत हे कोणी सांगितलंच नव्हतं. तू आजच्या आज त्याला दवाखान्यात ने. आणि ते कोरडं झाडणं बंद कर."

"नेते," दोन्का म्हणाली. ती पाच मजले कुठेही न थांबता चढली. आपण रोज सकाळी तो पिंजरा झाडतो, खिडकी बंद ठेवून, कप्तानला वारा लागू नये म्हणून, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

दार उघडलं तर रालित्सा घरी आली होती. दुपारचीच. कोट अंगात तसाच, वर चादर, आणि दात वाजत होते.

"काही नाही आई, नुसती कणकण आहे. डोकं मात्र फुटतंय."

दोन्काने तिच्या कपाळाला हात लावला आणि तो चटका बसल्यासारखा मागे घेतला. त्या क्षणी तिने सांगायला हवं होतं. शब्द ओठांपर्यंत आले होते. पण रालित्सा तिच्याकडे बघून ओशाळं हसली, "तुम्हाला किती त्रास देते मी," आणि दोन्काने नुसतीच चादर तिच्या पायांवर नीट केली. तिने पिंजरा उचलून आपल्या खोलीत नेला, दार लावलं आणि लिंबाचा चहा केला.

ताप उतरला नाही. कोरडा खोकला सुरू झाला, इतका की रालित्सा पोट धरून वाकायची. तिसऱ्या दिवशी ती दोन वाक्यं बोलली तरी धापा टाकू लागली, तेव्हा अॅम्ब्युलन्स बोलवावी लागली. इस्पितळात तिच्या छातीचा फोटो काढला. न्यूमोनिया होता. तरुण डॉक्टरीण बाहेर येऊन दोन्काला विचारत होती, "घरात आणखी कोणी आजारी आहे का?"

"नाही," दोन्का म्हणाली.

घरात दोघीच माणसं होती आणि ती स्वतः धडधाकट होती. ती काही खोटं बोलली नव्हती. घरी परतताना ट्रॉलीबसमध्ये ती स्वतःला हेच समजावत राहिली. घरी कप्तान काठीवरून उतरून पिंजऱ्याच्या तळाशी बसला होता, दोन्ही डोळे मिटून. तिने त्याला हात लावला नाही. तिला आता त्याची भीती वाटत होती, आणि या भीतीची लाज वाटत होती. आपल्या श्वासातही तेच असेल का, रालित्साची उशी आपणच झटकली होती ना, असल्या विचारांनी ती खुर्चीत बसल्या बसल्या थंडगार पडत गेली.

दुसऱ्या दिवशी कामेनचा फोन आला. तो हंगेरीत होता, माल तिथेच उतरवून परत निघाला होता.

"आई, डॉक्टर म्हणतात औषध लागूच पडत नाहीये. तिला ऑक्सिजन लावलाय. बाळाचे ठोके फार जलद पडतायत म्हणे. आई? ऐकतेयस ना?"

"ऐकतेय."

"तू तिथे आहेस म्हणून मला जरा धीर आहे बघ."

दोन्काने फोन ठेवला, कोट चढवला आणि जवळजवळ पळतच निघाली. वाट पाहायचा धीर नव्हता म्हणून बससाठी थांबलीही नाही. इस्पितळाच्या जिन्यात एकदा तिला वाटलं, मागे फिरावं. कठडा धरून ती वर गेली. डॉक्टरीण एका खोलीतून दुसऱ्या खोलीत चालली होती. दोन्काने तिची बाही धरली.

"आमच्याकडे एक पाखरू आहे. कोकाटील. आजारी आहे."

"कधीपासून?"

"तिच्या आधीपासून. डोळ्याला सूज आहे. शिंकतो. शी हिरवी."

डॉक्टरीण तिच्याकडे बघत राहिली. "मी तुम्हाला काल विचारलं होतं, बाई."

"तुम्ही घरातल्या कोणाबद्दल विचारलंत. मी म्हटलं, माणसाबद्दल विचारताय." मग दोन्काचा चेहरा वेडावाकडा झाला. "नाही. मला कळलं होतं तुम्ही काय विचारताय ते. मी घाबरले."

डॉक्टरीण वळून भराभर आत गेली. काचेच्या दारातून दोन्काला ती फोनवर बोलताना दिसली, मग परिचारिका धावताना. थोड्या वेळाने सलाइनची बाटली बदलली गेली. कोणीतरी दोन्काच्या तोंडाला मास्क लावला आणि तिचंही रक्त काढून नेलं.

कप्तानला तिने त्याच दिवशी पाखरांच्या दवाखान्यात नेलं, पिंजऱ्यावर ओला टॉवेल घालून. तिथली डॉक्टर मिल्चेवा मास्क आणि हातमोजे घालूनच बाहेर आली. तिने कप्तानला टॉवेलमध्ये गुंडाळलं, पापणी वर केली, कापसाच्या काडीने डोळ्यातून आणि घशातून नमुना घेतला.

"डोळ्यात काही घातलं होतंत?"

दोन्काने पिशवीतून बाटली काढली. मिल्चेवाने तिच्यावरचं बारीक अक्षर वाचलं आणि मान हलवली. "यात स्टिरॉइड आहे. लाली जाते, आणि आतला जंतू मोकाट सुटतो. नुसता डोळाच गेला असता असं नाही, पाखरूच गेलं असतं."

"मारणार का याला?"

"का मारू? औषध आहे याच्यावर. पण महिना-दीड महिना इथे राहील, वेगळ्या खोलीत. तुम्ही घरी जा, मास्क लावा आणि सगळं जंतुनाशकाच्या पाण्याने ओलं पुसून काढा. काहीही झाडू नका. पिंजऱ्यावरची कापडं फेकून द्या."

दोन्का गुडघ्यांवर बसून घर पुसत होती तेव्हा कामेन आला. बूट घातलेलेच. तो इस्पितळातून आला होता, म्हणजे त्याला सगळं कळलं होतं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"रालित्सा म्हणाली, तो सारखा भिंतीकडे बघायचा. पिंजरा फिरवून ठेवायचीस?" त्याने एवढंच विचारलं.

"हो."

"बाबांसाठी?"

"माझ्यासाठी," दोन्का म्हणाली. तो दारातच उभा राहिला, मग तिच्या हातातलं फडकं घेऊन कपाटामागची जागा पुसू लागला. 

नवीन औषधाने रालित्साचा ताप उतरला. आधी थोडा, मग एकदम. ऑक्सिजनची नळी निघाली. तपासण्यांचे निकाल आले. पाखराला गेंचो म्हणाला होता तोच रोग होता, आणि सुनेलाही. दोन्काला संसर्ग कसा झाला नव्हता, हे कोणालाच नीट समजावून सांगता आलं नाही. ती पहिल्यांदा भेटायला गेली तेव्हा रालित्सा उशांना टेकून बसली होती, ओठ फुटलेले, हात काडीसारखे.

"आई, खरं सांगा," ती म्हणाली. "मी तापाने फणफणत होते तेव्हाही माहीत होतं तुम्हाला?"

"शंका होती."

"आणि चहा करून दिलात."

दोन्काने मान खाली घातली. "पोरी, मला शिव्या दे."

"शिव्या द्यायला दम हवा छातीत." रालित्साने चादर वर ओढून घेतली. "तुम्ही सांगितलंत म्हणून मी वाचले, असं डॉक्टर म्हणाल्या. ते मी लक्षात ठेवीन. पण आधीचंही ठेवीन. दोन्ही राहील माझ्या डोक्यात. मला त्यातलं एक पुसून टाकता येणार नाही."

"नको पुसू," दोन्का म्हणाली.

बाळ हिवाळ्यात झालं, दिवस भरायच्या थोडं आधी. मुलगी. छोटीशी, पण खणखणीत रडणारी. पहिल्या आठवड्यात रालित्साने तिला दोन्काच्या हातात फारसं दिलं नाही, आणि दोन्कानेही मागितलं नाही. मग एका दुपारी रालित्साला आंघोळीला जायचं होतं. ती मुलीला घेऊन आली आणि म्हणाली, "धरा. मान सांभाळा." दोन्का बाळाला धरून इतकी ताठ बसली की रालित्सा परत आली तेव्हा तिचे खांदे आखडले होते.

कप्तान बरा झाला, पण त्याच्या उजव्या डोळ्यावर दुधासारखा पडदा राहिला. मिल्चेवा म्हणाली, आता त्याच्यापासून धोका नाही. तरी त्याला घरी आणायचं दोन्काने विचारलंही नाही. मिल्चेवाच्याच ओळखीच्या एका निवृत्त शिक्षिकेने त्याला घ्यायचं कबूल केलं. ती एकटीच राहायची, तिच्याकडे लहान मूल नव्हतं.

कामेन दोन्काला आणि कप्तानला गाडीतून तिच्याकडे घेऊन गेला. शिक्षिकेने पिंजरा खिडकीजवळ ठेवला आणि कौतुकाने आत बोट घालायला गेली. कप्तान दचकून तारेवर आपटला.

"अहो, तिकडून नको," दोन्का पुढे झाली. "त्या बाजूने त्याला दिसत नाही. डावीकडून या, आणि आधी आवाज द्या. नुसत्या बिया देऊ नका, किसलेलं गाजर द्या. हट्ट करेल, तरी द्या. आणि डोळ्याला जरा जरी पाणी दिसलं..."

"तर?"

"तर लगेच डॉक्टरांकडे न्या. त्याच दिवशी. घरी काही करू नका."

शिक्षिकेने मान डोलावली आणि डावीकडे जाऊन हलक्या आवाजात त्याला हाक मारली. कप्तानने तुरा थोडा वर केला. तुरा पुरता खाली येऊन तो शांत होईपर्यंत दोन्का थांबली, मग कोटाची बटणं लावून जिना उतरू लागली. खाली कामेनने गाडी सुरूच ठेवली होती.