तिसरी शिट्टी

हे तुम्ही मानणार नाही. संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसणारी मंडळीसुद्धा मानत नाहीत, आणि त्यांना तर माझी सवय आहे. तरी सांगतो: आमच्या दोन गिनी पिगांनी डोंबिवलीतल्या अख्ख्या बिल्डिंगची डाळ कच्ची ठेवली.

बिल्डिंग म्हणजे आमच्याच शेतावर उभी राहिलेली. तळमजला आणि मागचं अंगण तेवढं आमच्याकडे राहिलं. माझी नात समृद्धी मात्र घोडबंदर रोडला चौदाव्या मजल्यावर राहते. सुरण आणि मेथी, म्हणजे ते दोन गिनी पिग, तिचे. उंदराहून मोठे, सशाहून लहान, शेपूट नाही. तिकडच्या बाल्कनीची फरशी उन्हाळ्यात अशी तापते की पापड भाजावा. बिचारे धापा टाकायला लागले.

माझा मुलगा नयन फोनवर म्हणाला, "बाबा, तुमच्या अंगणात नीट जागा झाली तर ठेवू. रविवारी घेऊन येतो. तिथेही घाबरले, तर आंबिवलीच्या मित्राला देऊन टाकणार."

मागून समृद्धीचा रडका आवाज आला, "आजोबा, कराल ना?"

आता आम्ही खाडीच्या पाण्याला बांध घातलेली माणसं. मला काय अवघड? आंब्याखाली जागा धरली, सकाळचं कोवळं ऊन येतं आणि दुपारभर सावली. वरून जुनं मासळीचं जाळं टाकलं. कमळाबाई, म्हणजे आमची ही, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मांजराला झोळी बांधलीत काय?" बघतो तर मांजर जाळ्यात झोपलेलं.

मग बारीक चौकोनांची लोखंडी जाळी आणली. चारी बाजूंनी लावली आणि डोक्यावरही, कारण कावळा आणि घार वरून येतात. घूस येते खालून. म्हणून जाळी हातभर जमिनीत पुरली, तळाशी बाहेरच्या अंगाला वळवली आणि वरून मातीचा बांध चोपला. पहाटे एक घूस आली, उकरून उकरून दमली आणि जाताना मला शिवी देऊन गेली. अस्सल आगरीत! लपायला तोंड फुटलेला माठ आडवा घातला, आत सुकं गवत.

रविवारी बापलेक आले. नयनने माझ्यासाठी चिक्की आणलेली. दोन तुकडे मी तिथंच उडवले. सुरण-मेथीला आत सोडलं, तर दोघे माठात शिरले ते शिरलेच. दूर्वा दाखवल्या, काकडी दाखवली. नाकसुद्धा बाहेर येईना. खूश झाले की हे प्राणी शिट्टी वाजवतात, असं समृद्धीनेच सांगितलेलं. इथे चिडीचूप.

"घाबरलेत, बाबा." नयनने मोबाइल काढला. "मी लावतो त्याला फोन."

समृद्धीने माझा सदरा घट्ट धरला.

आणि तेवढ्यात माठाकडून शिट्टी झाली! लांबलचक, थेट कुकरची. मग दुसरी. मग तिसरी. वरच्या मजल्यावरच्या आसावरीने गॅस बंद केला, तिच्या शेजारणीने केला, पार गच्चीखालच्या मजल्यापर्यंत सगळ्यांनी केला. डाळीला तीनच शिट्ट्या, दुसरं कोण काय मोजतं? दुपारी अख्खी बिल्डिंग डाळ चावत होती. पण नयनचा मोबाइल खिशात गेला आणि सुरण-मेथी आमच्याकडे राहिले. ऊन चढलं की घरात, सकाळी अंगणात.

परवा ओट्यावर हेच सांगत होतो. आसावरी माझ्या तोंडाकडे टक लावून ऐकत होती.

"राघोकाका, शिट्टी तुम्हीच मारलीत ना? माझी डाळ वाया गेली!"

"माझ्यावर कसला आळ घेतेस गं? माझी कवळी त्या सकाळी घरात वाटीत पडलेली. बिनदातांची शिट्टी मारून दाखव तू!"

कमळाबाईने पदर तोंडाला लावला. मी मिशीवर हात फिरवला.

तेवढ्यात मागच्या अंगणातून कुईं कुईं सुरू झालं, बारीक आणि घाईघाईचं, कुकरशी काही संबंध नसलेलं. नयन सुक्या गवताचं पोतं घेऊन आलेला. आता दर रविवारी स्वतःच आणतो, आणि पोत्याची सळसळ ऐकली की ते दोघे असेच ओरडतात. त्याने पोतं ओट्याला टेकवलं.

"बाबा," तो म्हणाला, "कवळी वाटीत होती, तर माझ्यासमोर चिक्की कशाने फोडत होतात?"