पाणफेड

सकाळचं पाणी वाटायचं काम धाकट्या सुनेकडे होतं आणि ती ते डोळ्यांत तेल घालून करी. नवऱ्याला दोन पेले, लेकीला एक, स्वतःला एक. थोरल्या जावेच्या पेल्यात मात्र अर्ध्यावरच हात आखडता घेई. त्यात तिचा दुष्टपणा नव्हता. नवरा गेला की बायकोची अर्धी तहान त्याच्याबरोबर जाते, असं वस्तीच्या ग्रंथातच लिहिलेलं होतं. लिहिणाऱ्याने बहुधा दोन पेले पोटात गेल्यावरच लेखणी उचलली असावी.

“टिल्लू, डबा विसरलास की रे,” थोरलीने दाराशी येऊन दिराला हाक मारली. दीर सहा फूट उंच, एका लेकीचा बाप. पण सातव्या वर्षी आई गेल्यापासून ज्या वहिनीने त्याला लहानाचा मोठा केला, तिच्यासाठी तो टिल्लूच राहिला होता.

“वहिनी, लोकांसमोर तरी टिल्लू नको म्हणत जाऊ.”

“बरं. लोकांसमोर टिल्लोपंत म्हणते.”

ती हसली तेव्हा तिचा सुकलेला ओठ फुटला. त्याने ते पाहिलं आणि मान फिरवली.

काचेच्या छपराखाली ही वस्ती होती. बाहेर क्षितिजापर्यंत तांबडी वाळू, वर दोन सूर्य. एक कलला की दुसरा डोक्यावर येई. जुन्या जगातली पापं नकोत म्हणून पूर्वज सहा पिढ्यांपूर्वी यानातून इथे आले आणि त्यातली बरीचशी सोबत बांधून घेऊन आले.

टिल्लू पाणीघरात फिटर होता. आठ दिवसांपूर्वी मोठ्या टाकीच्या बुडाशी हात घातला, तर मुख्य झडपेचं वॉशर फाटलेलं. पाणी आतल्या आत वाळूत चाललं होतं. बदलायला दहा मिनिटं पुरली असती. पण टाकी पवित्र; तिला पाना लावायचा तर धर्माधिकाऱ्यांना कारण सांगावं लागे. ‘टाकी चुकत नाही, माणूस चुकतो’ असं तिच्यावर कोरलेलं. मागे एका फिटरने टाकी गळते म्हणून सांगितलं, तेव्हा धर्माधिकाऱ्यांनी त्याची चार बोटं पाइप कापायच्या यंत्राखाली घातली होती. टिल्लूने हात पुसले आणि तोंडाला कुलूप लावलं.

डबा विसरला त्या दिवशी दुपारी टाकीतलं पाणी खुणेच्या खाली गेलं आणि भोंगा वाजला. टाकी चुकत नाही, म्हणजे पाणी कुणीतरी चोरलं. चोर कोण, तेही ग्रंथात ठरलेलं: नवरा मेला तरी जिची तहान मेली नाही, ती. तिने पाण्याची परतफेड करायची. भर चौकात घरच्या पुरुषाने तिला पंपाच्या पट्ट्याने मारायचं आणि घरच्या बाईने तिच्या डोळ्यांखाली वाटी धरायची. वाटीचा तळ भिजला की चोरी फिटली. भिजेपर्यंत मार थांबत नसे. याला पाणफेड म्हणत. वस्तीत आता एकच विधवा उरली होती. दुसरी मागच्या पाणफेडीतून उठली नव्हती.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते याहून काय वेगळं? आणि खरा चोर कोण, हे चौकात एकट्या टिल्लूला ठाऊक होतं.

वहिनीला खांबाला बांधलं. जाऊ वाटी धरून तिच्यापुढे बसली. टिल्लूच्या हातात पट्टा दिला. पहिल्या फटक्याला तिचं पातळ फाटलं, तिसऱ्याला पाठ.

“नीट मार रे,” ती पुटपुटली. “तुझा हात हलका पडला तर मारायला रक्षकाला बोलावतील.”

सात झाले. आठ झाले. वाटी कोरडी.

“ताई, रडा हो,” धाकटी रडकुंडीला आली. “एवढं तरी करा. भावोजींना आठवा!”

“आठवतेय गं मघापासून. रडू येतंय, पण पाणीच येत नाही.”

धाकटीने हातातल्या वाटीकडे पाहिलं. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि आड कुणी कोरडा केला? रोज सकाळी अर्ध्या पेल्यावर थांबणारा हात तिचाच होता.

टिल्लूने पट्टा फेकून दिला.

“टाकी गळतेय!” तो ओरडला. “वॉशर फाटलंय. हिने थेंबही चोरला नाही!”

चार रक्षक त्याच्यावर तुटून पडले. एकाने दंडुक्याने त्याचा उजवा हात कोपरात मोडला, दुसऱ्याने दात पाडले. भरपूर पाणी प्यायलेलं शरीर ते. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. धाकटी गुडघ्यांवर सरपटत त्याच्यापाशी गेली, त्याच्या हनुवटीखाली वाटी धरली आणि ती उंच केली.

“भिजली वाटी! सोडा आता ताईंना.”

“पुरुषाचं पाणी चालत नाही,” धर्माधिकारी म्हणाले. त्यांनी मानेने खूण केली. रक्षकाने पट्टा उचलला आणि पितळी बकलाची बाजू खाली केली. दुसरा फटका वहिनीच्या कानामागे बसला. तिची मान कलली ती पुन्हा वर आली नाही.

मग टिल्लू उठला. मोडका हात छातीशी धरून तो चौकाच्या कडेच्या टाकीकडे चालू लागला. आडवं यावं असं या वेळी रक्षकांनाही वाटलं नाही; त्यांच्याही घरात आया होत्या. डाव्या हाताने पाना बसेना, तेव्हा धाकटीने आयुष्यात पहिल्यांदा पाना धरला. दोघांनी मिळून बुडाचं झाकण उघडलं. खालची वाळू काळीभोर, ओली. लोकांनी हात घातले, ते कोपरापर्यंत भिजले.

“हा चमत्कार आहे!” धर्माधिकारी ओरडले.

“वॉशर आहे,” टिल्लू म्हणाला. त्याला धड बोलता येत नव्हतं. “आणि मला आठ दिवस माहीत होतं. मी भ्यालो. वहिनीला मीच मारलं. तुम्ही सगळे बघत होतात.”

लोकांनी ओले हात पाठीमागे नेले.

वस्तीत मेलेल्या माणसाला वाळूने घासून निरोप देत. मढ्याला पाणी घालणं म्हणजे महापाप. धाकटीने जावेच्या दोऱ्या सोडल्या, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि नवऱ्याला बादली भरून आणायला सांगितली. चारचौघांदेखत ती तिला आंघोळ घालू लागली. तोंड, मान, फुटलेला ओठ, मग पाठ. नवरा गेल्यापासूनच्या तीन वर्षांत त्या बाईने एवढं पाणी एका जागी पाहिलंही नव्हतं. पहिली बादली नुसतं रक्त धुण्यातच गेली.

“अजून आण,” धाकटी म्हणाली.

धर्माधिकारी टाकीच्या वाटेत हात पसरून उभे राहिले. टिल्लू बादली घेऊन चालत राहिला.