बरोबरची खूण

मित्रांनो, मी एक जुना मूकपट आहे. मुका म्हणून मला गरीब समजू नका. सात डब्यांत माझी सात रिळं आहेत आणि एकही सडलेलं नाही. या वयात इतका धडधाकट दुसरा कुणी असला तर दाखवा!

माझा जन्म एका कादंबरीतून झाला. ती एका शाळामास्तरांनी लिहिली होती. गोष्ट होती नदीत नाव वल्हवणाऱ्या एका मुलीची. शेवटी ती पुरात बुडते, आणि ते पान वाचून भलेभले डोळे पुसत. "एक अक्षर बदलायचं नाही," अशी तंबी देऊनच मास्तरांनी होकार दिला. वर पाळत ठेवायला ते रोज छत्री घेऊन स्टुडिओत येऊन बसत.

शेवटच्या दृश्यासाठी अंगणात मोठा हौद बांधला होता. नायिकेला पोहता येत नव्हतं आणि हे तिने कुणाला सांगितलंही नव्हतं. नाव उलटली, ती खाली गेली आणि खरोखर घाबरली. हातपाय मारत, खोकत, कशीबशी काठाला लागली. कॅमेरा चालूच होता.

दिग्दर्शकाने कपाळावर हात मारला. "अहो बाई, बुडायचं होतं! आता परत घ्यावं लागणार."

मास्तर ताडकन उठले. "काही परत घ्यायचं नाही. एवढी धडपडून वर आली पोर. तिला पुन्हा पाण्यात ढकलणारा मी कोण?"

"पण मास्तर, पुस्तकात तर..."

"पुस्तकात मी चुकलो."

तिथेच वहीचं पान फाडून त्यांनी लिहिलं, 'नाव बुडाली. ती वाचली.' आणि खाली बरोबरची खूण केली. मनापासून पटलेल्या मजकुराखाली ती खूण करायची, ही त्यांची वर्गातली सवय. घरच्या पत्रांखालीसुद्धा ती असायची.

आमच्यात आवाज नसे, म्हणून मध्येमध्ये पाट्या दाखवून गोष्ट सांगत. फिल्म जोडणाऱ्या अक्कांनी मास्तरांचं पानच पाटी म्हणून चित्रित केलं. मी मूळ प्रत. फिल्म वाया जाऊ नये म्हणून अक्का माझ्यात प्रत्येक पाटीची एकच चौकट, म्हणजे फिल्मवरचं एकच चित्र, ठेवत आणि थिएटरसाठी प्रती काढताना ती लांबवत. काटकसर अंगात मुरलेली बाई!

माझ्या प्रतींनी थिएटरं दणाणून सोडली. पण मी पडद्यावर येण्याआधीच मास्तर आजारपणात गेले. शेवट बदलून फिल्म कंपनीने कादंबरीची वाट लावली, असं वर्तमानपत्रांनी छापलं. मास्तरांच्या घरातलं कुणी मला पाहायला आलं नाही. ते मला फार लागलं, अजूनही लागतं.

पुढे बोलपट आले. प्रती झिजून संपल्या आणि मी एका माळ्यावर पडून राहिलो. कितीतरी वर्षांनी जुन्या फिल्म दुरुस्त करणाऱ्या एका बाईंनी माझे डबे उघडले. माझ्यात पाट्या नाहीतच, असं सगळ्यांनी धरलं होतं. मग मास्तरांची म्हातारी नात कादंबरी घेऊन आली.

"पाट्यांवर पुस्तकातली वाक्यं घाला," ती म्हणाली. "आणि ती काठाला लागते तो तुकडा कापा. आजोबांचा शेवट हवा, तरच मी परवानगी देईन. आईने जन्मभर हेच दुःख केलं हो."

बाईंनी मान डोलावली. ज्या शेवटासाठी मास्तर स्वतःच्या पुस्तकाविरुद्ध उभे राहिले, तोच कापला जाणार होता, तोही त्यांच्याच नावाने.

बाईंनी कात्री उचलली. कापायच्या जागेपाशीच एक काळपट चौकट होती. आधी त्यांनी तो डागच समजला होता. पण हात आवरून त्यांनी ती उजेडात धरली आणि भिंग लावलं.

"आजी, जरा इकडे या. हे अक्षर ओळखता?"

नातीने वाचलं. मग तिचं बोट खालच्या खुणेवर थांबलं. "ही खूण आईला आलेल्या आजोबांच्या प्रत्येक पत्राखाली आहे," ती म्हणाली आणि खुर्चीवर बसली. बराच वेळ ती नुसती रडत होती.

मित्रांनो, जुनी वस्तू कापण्याआधी, फेकण्याआधी एकदा उजेडात धरून पाहा. आम्ही सांगायला तयारच असतो.

माझ्या सगळ्या पाट्या सापडल्या. मीही पुन्हा पडद्यावर आलो, अख्खाच्या अख्खा. परवानगीच्या कागदावर नातीने सही केली. कागद परत देता देता ती थांबली, पुन्हा पेन उघडलं आणि सहीखाली बरोबरची खूण केली.