तिसरा भाग शेवटी

रविवारी सकाळी अकरा वाजून पन्नास मिनिटांनी नायक पुरात वाहून गेला, आणि बारा चाळीसला तो घरी येऊन जेवायला बसला. असं काहीही झालेलं नाही. चिपळूणच्या चित्रपट मंडळाच्या इतिवृत्तात तसं स्वच्छ अक्षरात लिहिलंय आणि खाली सगळ्यांच्या सह्या आहेत. फक्त काशीराम भुवडांची नाही, कारण सह्या घेताना त्यांच्या एका हातात नारळ होता आणि दुसऱ्या हातात शाल, आणि दोन्ही खाली ठेवायला त्यांनी नकार दिला.

तर जे झालं नाही, ते असं.

'नावाड्याचं घर' या जुन्या चित्रपटाचा दुसरा भाग संपत आला होता. पडद्यावर नायिकेने चूल पेटवली. काशीराम पहिल्या रांगेतून उठला, सत्काराची शाल सावरत बाजूच्या टेबलापाशी गेला आणि निशिगंधाने सकाळी त्याला कौतुकाने दाखवलेली लॅपटॉपची लांब कळ त्याने दाबली. नायिका फुंकर मारता मारता थांबली. तिचा एक डोळा अर्धा मिटलेला राहिला.

"काय झालं, काका?" मंडळाची चिटणीस असलेल्या निशिगंधाने विचारलं.

"दोन भाग झाले. आता चौथा लाव."

"यात भाग नाहीत. सलग आहे."

"भाग असतात," काशीराम म्हणाला. "दिसत नसले तरी."

सभागृहात अर्धे लोक चिपळूणचे होते आणि अर्धे अलोऱ्याचे, हे कुणी न सांगताही त्या क्षणी कळलं. चिपळूणचे लोक एकमेकांकडे बघायला लागले. अलोऱ्याचे लोक सावरून बसले.

पन्नास वर्षांपूर्वी अलोऱ्याच्या प्रकल्प वसाहतीत दर शनिवारी मैदानावर चादर बांधून सिनेमा दाखवत. यंत्र एकच होतं आणि ते चालवायचा काशीराम. सिनेमा चार डब्यांतून, एका डब्यात एक भाग असा, एसटीने यायचा आणि सोमवारी एसटीनेच परत जायचा. एका पावसाळ्यात 'नावाड्याचं घर' आला आणि दुसऱ्याच दिवशी घाट बंद झाला. नवा सिनेमा येईना, जुना जाईना. मैदानावर पाणी साठलं म्हणून चादर शाळेच्या पडवीत बांधली, आणि वसाहतीने तोच चित्रपट लागोपाठ अकरा शनिवार पाहिला. आणि पाहिला तो असा: पहिला भाग, दुसरा, मग चौथा, आणि शेवटी तिसरा.

त्यामुळे अलोऱ्यात नायक पुरात मरायचा, बायको काठावर दिवा घेऊन उभी राहायची, पडद्यावर 'समाप्त' अशी पाटी यायची, लोक चहा पिऊन यायचे, आणि मग नायक ओल्या अंगाने दारात उभा राहायचा. बायको रुसलेली असायची. तो तिची समजूत काढायचा, ती ताट वाढायची, तो पहिला घास घ्यायचा आणि रीळ संपायचं. अलोऱ्यात वाढलेल्या मुलांची कित्येक वर्षं अशी समजूत होती की 'समाप्त' म्हणजे चहा.

मेलेला माणूस जेवायला कसा येतो, यावर वसाहतीत तीन पक्ष पडले. एका पक्षाच्या मते ते बायकोचं स्वप्न होतं, दुसऱ्याच्या मते भूत. वायरमन भागोजी एकट्याने तिसरा पक्ष चालवत होता. त्याच्या मते तो जुळा भाऊ होता. भागोजी आजही दुसऱ्या रांगेत बसला होता आणि त्याचं मत तसूभरही हललेलं नव्हतं.

मंडळाचे अध्यक्ष देवदत्त सर व्यासपीठावर आले. चांगला माणूस. चाळीस वर्षं कॉलेजात शिकवलेलं, आवाज न चढवता बोलायची सवय. सकाळच्या भाषणात त्यांनी सांगितलं होतं की हा चित्रपट इतकी वर्षं टिकला तो त्याच्या शेवटामुळे. माणूस भरल्या ताटावरून उठून लोकांना वाचवायला जातो आणि परत येत नाही. त्या न येण्यात चित्रपटाची सगळी ताकद आहे. मग हसून अलोऱ्याच्या उलट्या रिळांची गंमतही सांगितली होती. लोक मनापासून हसले होते. काशीरामही, शाल अंगावर असल्यामुळे, हसला होता.

"भुवडसाहेब," सर म्हणाले, "इतक्या मेहनतीने स्वच्छ केलेली प्रत आहे. दिग्दर्शकाने जशी केली तशी बघू या ना. एक चूक झाली तेव्हा. तुम्ही फक्त तेवढं म्हणा, आपण सगळे हसू आणि पुढे जाऊ."

"चूक नव्हती."

"मग काय होतं?"

काशीरामने नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. चूक नव्हती म्हटलं की कारण सांगावं लागणार होतं, आणि कारण तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, पिशवी मांडीवर धरून बसलं होतं.

येसूबाई सकाळच्या पहिल्या एसटीने आली होती. तिचा नवरा हरिश्चंद्र बोगद्यावर कामाला होता. त्याच पावसाळ्याच्या सुरुवातीला, एका दुपारी तो जेवायला बसलेला असताना बोगद्याकडून निरोप आला, माणसं कमी आहेत, लगेच या. निरोप घेऊन काशीरामच गेला होता. आत जाऊन थांबला नाही, दारातूनच हाक मारली. हरिश्चंद्र भातावरून उठला. तो बोगद्यातून परत आला नाही, हे अलोऱ्यात सगळ्यांना माहीत होतं. हाक कुणी मारली, ते एवढं कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

दोन महिन्यांनी 'नावाड्याचं घर' आला. पहिल्या शनिवारी भर पावसात मोजकीच माणसं आली होती. चौथ्या भागाच्या सुरुवातीला बाहेरून हाक आली, "पूर आलाय, होडी काढ!" आणि नायक ताटावरून उठला. यंत्रामागे उभ्या असलेल्या काशीरामला पडवीतल्या अंधारात एक बाई उठून पावसात जाताना दिसली. पुढच्या शनिवारपासून त्याने डब्यांचा क्रम बदलला.

"एक चूक म्हणायला काय जातं?" सर अजूनही नरमाईने विचारत होते.

"तुम्ही म्हणा हवं तर," काशीराम म्हणाला. "मी यंत्रावर होतो. मी नाही म्हणणार." आणि निशिगंधाकडे वळला. "बाहेरून हाक येते ना, तिथून लाव. दिग्दर्शकाला काय सांगायचं ते माझ्या नावावर सांग."

निशिगंधा बँकेत अधिकारी होती, दोन महिन्यांत निवृत्त व्हायची होती आणि आजवर एकही नियम तिने मोडला नव्हता. पण दहा वर्षांची असताना पडवीतल्या चटईवर तिने हा सिनेमा दहा वेळा पाहिला होता. तिने अध्यक्षांकडे बघितलं. मग लॅपटॉपवर चित्राखालची बारीक रेघ बोटाने धरून पुढे ओढली.

नायक मेला. पाणी नव्याने स्वच्छ केल्यामुळे इतकं छान दिसत होतं की चिपळूणच्या लोकांना, ज्यांनी घरात शिरलेला पूर पाहिला होता, ते अजिबात खरं वाटलं नाही. बायको दिवा घेऊन उभी राहिली. 'समाप्त' आलं.

चिपळूणचे लोक उठले. अलोऱ्याचं कुणी हललं नाही.

"बसा हो," भागोजी मागे वळून म्हणाला. "आता भाऊ येतोय."

निशिगंधाने रेघ मागे ओढली, आणि तो आला. लोक अर्धवट उभे राहून बघू लागले, मग बसले. देवदत्त सर व्यासपीठाच्या पायरीवरच टेकले. बायको रुसली. त्याने समजूत काढली. इतक्या वर्षांनीही ती तशीच रुसत होती, थोडी जास्तच. मग तिने ताट वाढलं. भातावर आमटी घातली आणि पंखा घेऊन समोर बसली. त्याने पहिला घास घेतला. बाहेरून हाक यायच्या आत निशिगंधाने कळ दाबली.

घास तोंडाशी, पंखा अर्ध्यात. देवदत्त सरांनी चष्मा काढून पुसला आणि, असाही टिकतो तर आहे, असं काहीतरी स्वतःशीच म्हणाले. इतिवृत्तात ते नाही.

लोक पांगल्यावर येसूबाई दारापाशी थांबली. काशीराम जवळ आला तसं तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"पयल्या शनवारी तू सरळ लावला होतास," ती म्हणाली. "मी होते."

काशीराम शालीच्या टोकाशी चाळा करत राहिला.

"मग बोलली का नाहीस इतकी वर्षं?"

"दहा शनवार पोटभर जेवला तो माणूस. कशाला बोलायचं?" तिने त्याच्या हातातला नारळ काढून घेतला आणि पिशवीत टाकला. "चल. एसटी जाईल."

त्या आठवड्यात एक पत्र गेलं. अक्षर निशिगंधाचं, सही काशीरामची, खाली अलोऱ्याचे एकतीस लोक. भागोजीने सहीपुढे कंसात 'जुळा भाऊ' असं लिहिलं. देवदत्त सरांनी मजकुराशी सहमत नसल्याचं तोंडी कळवून शुद्धलेखन तपासून दिलं.

प्रति, जुने चित्रपट जतन करणारे कार्यालय. विषय : 'नावाड्याचं घर' या चित्रपटाच्या मूळ प्रतीत दुरुस्ती करणेबाबत. महोदय, उपरोक्त चित्रपटाचा तिसरा भाग चौथ्या भागानंतर जोडण्यात यावा. दिग्दर्शक हयात नसल्यास त्यांना तसे कळवण्याची व्यवस्था आपल्या स्तरावर करावी. तसेच नायक एकदा जेवावयास बसल्यानंतर त्यास कोणत्याही कारणास्तव बाहेरून हाक मारण्यात येऊ नये, व हा आदेश पूर्वलक्षी प्रभावाने लागू करावा, ही नम्र विनंती.