दोन्ही चालेल

तबकात कॉफीचे पाच कप होते. दोन बिनसाखरेचे, दोन बेताच्या साखरेचे. पाचवा मागणी घालायला आलेल्या मुलाचा. त्याला विचारल्यावर तो म्हणाला होता, "काहीही चालेल."

मुलाच्या कॉफीत मीठ घालून त्याची परीक्षा घ्यायची रीत होती. मुअल्ला मावशीने मिठाची बरणी हांदानच्या हातात दिली.

"घाल चांगलं तीन चमचे. तुझ्या काकांनी तोंड वाकडं न करता प्यायली, म्हणून तर मी हो म्हटलं."

"आणि नंतर तीस वर्षं तोंड वाकडंच ठेवलं," हांदान म्हणाली. तिने पाठ वळवून कॉफी ढवळली.

टाइल्सच्या कारखान्यात ती रंगांची मिश्रणं तपासायची. माणसाबद्दल इतकी कमी माहिती घेऊन निर्णय द्यायची तिला सवय नव्हती. या मुलाला, ओरकुनला, ती दोनदाच भेटली होती. बकलावा की खीर? दोन्ही सारखंच. चहा की सरबत? तुम्ही घ्याल ते. मागच्या महिन्यात याच मंडळींनी पलीकडच्या गल्लीतही मुलगी पाहिली होती. ही की ती? तेही याला सारखंच असणार.

ओरकुनने कप उचलला. सगळे त्याच्याकडे पाहू लागले. पहिल्या घोटाला त्याने डोळे मिटले, मान ताठ केली आणि कष्टाने गिळल्यासारखं गिळलं. त्याचे मामा मांडीवर थाप मारून हसले.

"शाब्बास रे पठ्ठ्या!"

"तापानं अर्धा झालाय पोरगा," त्याची आई म्हणाली, "पण हिंमत बघा."

ओरकुनने कप संपवला आणि तो घेऊनच पाणी मागायला स्वयंपाकघराच्या दारात आला.

"फार खारट होती?" हांदानने विचारलं.

"समुद्रच. पण तुमच्या हातचा."

"त्यात मीठ नव्हतंच. दोन चमचे साखर होती."

त्याचं हसू हळूहळू गेलं. बाहेर मामा अजून हसत होते.

"तापानंतर चव गेली," तो खाली बघत म्हणाला. "वासही. आईला माहीत नाही. रोज माझ्या आवडीचं रांधते ती."

हांदानने त्याला पाणी दिलं. तिचे आतापर्यंतचे सगळे प्रश्न खाण्यापिण्याचेच होते.

"लग्नानंतर कुठे राहायचं? बुर्साला तुमच्या आईकडे, की इथे–"

"इथे, कुताह्यात. तुमची नोकरी इथे आहे. आईशी बोललोय, भांडणही झालंय."

"हांदान!" मावशीची हाक आली. "बाबा विचारतायत गं, काय सांगायचं?"

"हो सांगा. आलेच."

तिने त्याच्या हातातला कप घेतला आणि बैठकीतून परत आलेल्या तबकात ठेवला. चार कपांत घोट-दीड घोट कॉफी उरली होती. पाचव्यात फक्त गाळ होता.